अकरा बावन्नचा नकार

आमच्या ऑफिसात मेल बंद पडली की लोक मला फोन करत नाहीत. उठून येतात आणि दारात उभे राहतात, जणू मीच ती कुठेतरी दडवून ठेवली आहे. "मेल जात नाहीये," एवढं म्हणतात आणि थांबतात. कुठून जात नाही, केव्हापासून जात नाही, पडद्यावर काय आलं, यातलं एकही आपणहून सांगत नाहीत. मग मी एकेक प्रश्न विचारून माहिती काढायची. चौदा वर्षं हेच चाललंय, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. प्रश्न नीट विचारले की उत्तर सापडतंच, असा माझा समज होता.

माझ्या धंद्यात नकाराचे दोन प्रकार असतात. तुमचं मशीन मेल पाठवतं म्हणजे सर्व्हरचं दार ठोठावतं. कधी आतून काहीच उत्तर येत नाही. मशीन वाट बघतं आणि शेवटी कंटाळून 'वेळ संपली' म्हणतं. म्हणजे सर्व्हर बंद आहे, वायर तुटली आहे, आत कोणी नाही. दुसऱ्या प्रकारात उत्तर येतं, तेही डोळ्याचं पातं लवायच्या आत: 'कनेक्शन नाकारलं.' म्हणजे वायर ठीक आहे, सर्व्हर जागा आहे, कोण ठोठावतंय ते त्याला कळलंय आणि त्याने नाही म्हटलंय. नव्या लोकांना मी सांगायचो की नकार आला तर खूश व्हा, निदान आत कोणीतरी आहे. हल्ली सांगत नाही.

आमचं ऑफिस म्हणजे शहरातल्या इमारतींच्या मूळ आराखड्यांचा संग्रह. कोणाला भिंत पाडायची असली, मजला चढवायचा असला की आधी आमच्याकडे येऊन आपल्या इमारतीचा कागद बघावा लागतो. आम्ही तळमजल्यावर आणि वरच्या तीन मजल्यांवर बसतो आणि कागद राहतात तळघरात. लांब सपाट खणांची लोखंडी कपाटं, पुठ्ठ्याच्या नळ्या, आणि हवेतला ओलावा ओढून घेणारं एक यंत्र, जे दिवसभर घरघरत बादलीत थेंब थेंब पाणी टाकतं. या सगळ्याचे धनी होते तळघरकर.

हे त्यांचं खरं आडनाव नव्हतं. एकवीस वर्षं तळघरात बसल्यावर आडनाव बदलतंच, असं तेच म्हणायचे. साठीला एक वर्ष कमी, जाड भिंगांचा चष्मा, अक्षर मोत्यासारखं. जिना चढून वर आले की आधी कठडा धरून दम घ्यायचे आणि मग बोलायचे.

बोलायचे एकाच विषयावर. तळघरात मोबाईलला रेंज नाही. वरच्या माणसांशी बोलायला एक इंटरकॉम होता, तो बंद पडला होता, आणि इंटरकॉम हे खातं माझं. त्याची वायर जिन्यावरच्या छतातून जाते. छत उघडायचं म्हणजे अर्धा दिवस मोडणार आणि धुळीने आंघोळ होणार. आज करू, उद्या करू, म्हणत मी अडीच महिने काढले. तळघरकर रोज दोनदा मेल पाठवायचे, सकाळी एक आणि संध्याकाळी एक, आणि प्रत मोठ्या बाईंना. मोठ्या बाई म्हणजे आमच्या ऑफिसच्या प्रमुख. मजकूर तोच: 'तळघरातला इंटरकॉम बंद आहे. कृपया दखल घ्यावी.' खाली किती दिवस झाले तो आकडा. पंचाहत्तर, शहात्तर, सत्त्याहत्तर. त्या आकड्याचा माझ्या डोक्याला किती ताप व्हायचा, ते आज सांगायची लाज वाटते.

गुरुवारी आणि शुक्रवारी वरच्या कार्यालयाकडून तपासणी होती. तपासणीस समोर बसलेले असताना मोठ्या बाईंच्या पडद्यावर 'अठ्ठ्याहत्तर' उगवणं मला परवडणारं नव्हतं. बुधवारी संध्याकाळी, तळघरकरांची दुसरी मेल येऊन गेल्यावर, निघता निघता मी सर्व्हरवर एक ओळ लिहिली. तळघरातल्या मशीनचा पत्ता, शेवटचा आकडा सत्तेचाळीस, आणि पुढे आज्ञा: नाकारा. आमच्या धंद्यातल्या शिरस्त्याप्रमाणे शेजारी शेरा टाकला, 'तात्पुरतं'. हा शेरा असलेल्या तेवीस ओळी माझ्या सर्व्हरवर आधीच होत्या. त्यातली सगळ्यात जुनी नऊ वर्षांची होती.

गुरुवारी सकाळी दहाला तळघरकर वर आले. दारात उभं राहून त्यांनी दम घेतला.

"माझी मेल जात नाहीये हो. नाकारलं म्हणतंय."

"सर्व्हरचं काम काढलंय," मी पडद्यावरून नजर न हलवता म्हणालो. "दुपारपर्यंत होईल."

"दुपारी मुलीला एक ओळ टाकतो मी रोज. तेवढी गेली की झालं. बाकीचं राहू दे."

"होईल म्हटलं ना."

ते थोडे घुटमळले. "तपासणी आहे, तुमची धावपळ असेल. चालू द्या," म्हणाले आणि जिना उतरून गेले.

सव्वातीन वाजता आवक विभागातल्या बाई एक आराखडा आणायला खाली गेल्या आणि किंचाळत वर आल्या. तळघरकर टेबलावर डोकं ठेवून गेले होते. डॉक्टर आले. दुखणं बाराच्या आधी सुरू झालं असावं, पावणेतीनपर्यंत तरी जीव असावा, असं म्हणाले. "कोणाला कळलं असतं तर," एवढं बोलून त्यांनी बॅग बंद केली.

सगळे खाली जिन्यापाशी जमले होते. मी सर्व्हरच्या खोलीत गेलो. सर्व्हर आपल्या दाराशी आलेल्या प्रत्येकाची नोंद ठेवतो, वेळेसकट. सत्तेचाळीस नंबरच्या मशीनचे सकाळच्या मेलचे नकार दहानंतर थांबले होते; ती मेल त्यांनी काढून टाकली असावी. त्यानंतरची पहिली नोंद अकरा बावन्नची होती: नाकारलं. मग अकरा छप्पन. मग बारा. त्यांच्या मशीनमधला जुना मेलचा प्रोग्राम एकदा अडला की दर चार मिनिटांनी आपणच पुन्हा प्रयत्न करायचा, त्यामुळे यात माणसाचा हात असेलच असं नाही, असं मी स्वतःला लगेच सांगितलं. शेवटची नोंद दोन अठ्ठेचाळीसची होती. तिथपासून एकूण पंचेचाळीस. प्रोग्राम आपोआप चालत होता, मशीन चालूच होतं, मग तो दोन अठ्ठेचाळीसलाच का थांबला, हा प्रश्न मी त्या वेळी विचारला नाही. मी माझी 'तात्पुरतं'वाली ओळ पुसली. मग सकाळच्या ओळी आणि त्या पंचेचाळीस ओळी पुसल्या. क्षणभरही विचार केला नाही, हे मला अजून टोचतं.

दुसऱ्या दिवशी त्यांचं मशीन माझ्याकडे आलं. गेलेल्या माणसाचं मशीन कोरं करून ठेवायचं, हा नियमच आहे. वायर न जोडता सुरू केलं तर मेलचा प्रोग्राम आपोआप उघडला. 'पाठवायच्या' या कप्प्यासमोर आकडा होता, एक. मुलीचा पत्ता दिसत होता. मी ती मेल उघडली नाही. उघडली असती तर मला काहीतरी करावं लागलं असतं. मी मशीन कोरं केलं, आतली डिस्क काढून खणात टाकली आणि डबा फडताळावर ठेवला.

पंधरा दिवसांनी त्यांची मुलगी सामान न्यायला आली. अठ्ठावीस-एकोणतीसची असेल, दातांच्या दवाखान्यात काम करते. मोठ्या बाईंनी तिला माझ्या खोलीत बसवलं, कारण तिला मशीनबद्दल काही विचारायचं होतं. मी चहा मागवला. तिने तो घेतला नाही.

"काका, बाबा रोज दुपारी मला एक ओळ लिहायचे," ती म्हणाली. "जेवलीस का, छत्री घेतलीस का, असलंच काहीतरी. आठ वर्षांत एक दिवस चुकला नाही. त्या दिवशी आली नाही."

मी तिचा चहाचा कप टेबलाच्या कडेवरून आत सरकवला.

"आदल्या रात्री आमचं भांडण झालं होतं. मी म्हटलं, सोडा ती नोकरी, तुम्हाला जिना झेपत नाही. तर ते न जेवता झोपले. सकाळी न बोलता निघाले." ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. "मला एवढंच कळायला हवंय की त्यांनी लिहायला घेतलं होतं की नाही. राग धरूनच गेले का ते. तुम्हाला मशीनमध्ये काही दिसलं?"

आत्ता सांग, असं मी मनाशी म्हणालो. ओळ होती, तुझ्यासाठीच होती, पंचेचाळीस वेळा माझ्या दाराशी आली होती.

"नाही," मी म्हणालो. "तसं काही नव्हतं."

तिने मान डोलावली. "वाटलंच मला," म्हणाली आणि उशी, चष्म्याचं घर, थर्मास असं सगळं पिशवीत भरून गेली. मी पापी माणूस नाही, असं मला तोवर खरंच वाटायचं. त्या संध्याकाळपासून वाटेनासं झालं.

त्यानंतरच्या सोमवारी मी सवयीने सर्व्हरच्या नोंदी चाळत होतो. सत्तेचाळीस. अकरा बावन्न. नाकारलं. पुढे अकरा छप्पन, बारा, बारा चार. दोन अठ्ठेचाळीसपर्यंत.

मी काही लगेच घाबरणाऱ्यातला नाही. तो आकडा दुसऱ्या कोणत्या तरी मशीनला मिळाला असणार, हे उघड होतं. तपासलं. मिळाला नव्हता. प्रत्येक मशीनच्या कार्डाला जन्मापासून एक क्रमांक असतो, माणसाच्या अंगठ्यासारखा. तोही तपासला. तो तळघरकरांच्याच मशीनचा होता, आणि ते मशीन माझ्या डोक्यावरच्या फडताळावर होतं, पोटातली डिस्क काढलेलं, ना वीज ना वायर. कोणीतरी क्रमांकाची नक्कल केली असेल म्हटलं. तशी नक्कल करता येते. पण ती करू शकणारा आमच्या ऑफिसात मी एकटाच होतो.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकली. नकार देणारी ओळ मी पुसली होती. सगळे नियम तीनदा वाचले, कागदावर छापून बोट ठेवून वाचले. सत्तेचाळीसला नाही म्हणायला सर्व्हरकडे आता काही कारणच नव्हतं. तरी तो नाही म्हणत होता.

मंगळवारी साडेअकरापासून मी स्विचसमोर खुर्ची टाकून बसलो. स्विच म्हणजे इमारतीतल्या सगळ्या वायरी जिथे येऊन मिळतात ते खोकं. त्यातली एकोणिसावी वायर तळघरातून येते. ती मी उपटून हातात धरली. अकरा बावन्नला रिकाम्या एकोणिसाव्या खाचेवरचा हिरवा दिवा लुकलुकला. एकदाच. अकरा छप्पनला पुन्हा. वायर माझ्या हातातच होती.

मी कोणाला काही बोललो नाही. काय बोलणार होतो? दिव्याबद्दल सांगायचं तर ओळीबद्दल सांगावं लागलं असतं.

बुधवारी आवक विभागातल्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "मेल जात नाहीये." कधीपासून? बाराच्या सुमारापासून. काय म्हणतंय? "नाकारलं म्हणतंय." आवक विभाग तळमजल्यावर, तळघराच्या जिन्याला लागून. मी जाऊन बघितलं, सगळं ठीक होतं. तीन वाजायच्या आत मेल आपणहून सुरू झाली. गुरुवारी त्या बाई आणि त्यांच्या पलीकडचे दोघं. शुक्रवारी पुढचं स्वागताचं टेबल. दोन दिवस सुट्टी होती म्हणून उसंत मिळाली. सोमवारी पहिल्या मजल्याच्या जिन्याजवळची खोली. दरवेळी अकरा बावन्न ते दोन अठ्ठेचाळीस, आणि एकदा ज्या टेबलाला नकार सुरू झाला ते टेबल रोज धरलेलं.

"तुमचा आजार जिना चढतोय," मोठ्या बाई हसत म्हणाल्या.

बाकीचेही हसले. मला हसू आलं नाही, कारण मी तेच मनात मोजत होतो. मध्येच एक दिवस नकार कुठेच पुढे सरकला नाही. पहिल्या मजल्याच्या वळणावर कठडा आहे. तळघरकर नेहमी तिथे थांबून दम घ्यायचे.

मी सर्व्हर कोरा करून पुन्हा नव्याने भरला. स्विच बदलला. वायरमन बोलावून तळघराची वायर मुळापासून कापली, आणि छत उघडलंच आहे तर इंटरकॉमही दुरुस्त करून घेतला. वायरमनला त्यासाठी पाऊण तास लागला. पाऊण तास. तो खाली उतरल्यावर मी जिन्यात बराच वेळ बसून राहिलो.

पुढच्या बुधवारी नकार दुसऱ्या मजल्यावर आला. माझी खोली तिसऱ्यावर, जिना संपतो तिथे पहिलीच.

शुक्रवारी पावणेबाराला माझ्याच पडद्यावर मी त्या मुलीला मेल लिहायला घेतली. फोन करता आला असता. पण तिचा आवाज ऐकला की मी पुन्हा 'नाही' म्हणेन, याची मला खात्री होती. बारा वाजता 'पाठवा' दाबलं. कनेक्शन नाकारलं. चार मिनिटांनी परत. नाकारलं. सर्व्हर माझ्यापासून सहा पावलांवर होता, मीच बसवलेला, मीच भरलेला, आणि तो मला ओळखून नाही म्हणत होता. एवढा वेळ हा नकार ऐकताना कसं वाटतं, ते मला पहिल्यांदा कळलं. दार बंद आहे म्हणून नव्हे, तर आत कोणीतरी आहे म्हणून वाईट वाटतं.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं की काही जाणार असेल तर ते जिथे अडलं तिथूनच जाईल. ही विचारसरणी माझ्या धंद्यातली नव्हे, मला माहीत आहे.

सोमवारी तळघरासाठी नवी वायर टाकून घेतली. मंगळवारी साडेअकरा वाजता लॅपटॉप घेऊन मी खाली उतरलो. सतरा पायऱ्या. तळघराचं काम तात्पुरतं आवक विभागाकडे दिलं होतं, पण त्या बाई कागद घेऊन लगेच वर यायच्या. दिवे लावले. जुन्या कागदाचा आंबूस वास, यंत्राची घरघर, बादलीत पडणारा थेंब. टेबल पुसलेलं होतं. खुर्ची आत सरकवलेली होती. त्या खुर्चीत बसायचा मला धीर झाला नाही. शेजारी वरचे खण काढण्यासाठी एक स्टूल असतं, ते ओढून टेबलाच्या कडेला बसलो आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. भिंतीतल्या खाचेत वायर जोडली. लॅपटॉपला माझ्या हाताने पत्ता दिला, शेवटचा आकडा सत्तेचाळीस. अकरा बावन्न झाले होते.

लिहायला लागलो. 'तुझ्या वडिलांनी त्या दिवशी तुला लिहिलं होतं.' ठीक. पुढे? 'काही तांत्रिक कारणाने,' असं लिहिलं आणि मान हलवली. नाही, असं नको. पुसलं. 'माझ्याकडून अनवधानाने.' पुन्हा मान हलवली. नाही, हे खोटं आहे. पुसलं. खरं लिहायचं म्हटलं की बोटं आपोआप वळसा घालत होती. चौदा वर्षं लोकांना चार शब्दांत वाटेला लावणारा मी, मला चार सरळ ओळी सुचेनात.

मध्येच एकदा यंत्राची घरघर थांबल्यासारखी वाटली. कोणीतरी खाकरलं असावं. वरून जिन्यातून आवाज आला असेल. मी मान वर केली नाही. वाक्य जमत आलं होतं, ते निसटू द्यायचं नव्हतं.

शेवटी लिहिलं: 'मी त्यांचं मशीन अडवलं होतं. त्यांची तुला लिहिलेली मेल मी पाहिली आणि न वाचता पुसली. मी तुझ्याशी खोटं बोललो. ते तुझ्यावर रागावलेले नव्हते, असं मला वाटतं.' शेवटची ओळ पुसावी का, याचा विचार केला. राहू दिली. 'पाठवा' दाबलं.

गेली.

नकार नाही, काही नाही. मेल गेली. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ होतं. दोन अठ्ठेचाळीस.

फार तर वीस मिनिटं झाली असतील, असं मला वाटत होतं. माझे पाय बधिर झाले होते. बादली काठोकाठ भरली होती.

वर जाऊन नोंदी उघडल्या. त्या दिवशी सत्तेचाळीसकडून अकरा बावन्नपासून एकही नकार नव्हता. दोन अठ्ठेचाळीसला एक मेल, स्वीकारली. जीव भांड्यात पडला. मग शेजारचा आकडा दिसला. सर्व्हर प्रत्येक मेलचा आकारही लिहून ठेवतो. माझ्या चार ओळींचा जेवढा व्हायला हवा, त्याच्या अकरापट होता.

बुधवारी कोणालाही नकार आला नाही. आवक विभागातल्या बाईंनी माझं अभिनंदन केलं.

गुरुवारी दुपारी ती आली. या वेळी तिला मोठ्या बाईंनी आणून बसवलं नाही, ती सरळ आत येऊन बसली. डोळे सुजलेले होते, पण चेहरा मागच्या वेळेपेक्षा मोकळा होता. हातात घडी केलेले छापील कागद होते.

"बाबांची मेल आली," ती म्हणाली. "मंगळवारी. तारीख त्याच गुरुवारची आहे."

"माझी," मी म्हणालो. "मी पाठवली होती. चार ओळींची."

"तुमची नाही आली. हीच एक आली."

मग मी बोललो. थांबलो असतो तर पुन्हा बोलू शकलो नसतो, म्हणून एका दमात सगळं सांगितलं. इंटरकॉम, बुधवारची ओळ, सकाळी दहाला त्यांना मारलेली थाप, पंचेचाळीस नोंदी, कोरं केलेलं मशीन, आणि या खोलीत तिला दिलेलं उत्तर. ती माझ्याकडे बघत होती. ओरडेल, कानाखाली मारेल, निदान रडेल, असं वाटलं. मला ते हवं होतं.

"हे मोठ्या बाईंना सांगाल?"

"सांगीन. आज सांगीन."

"सांगा," ती म्हणाली. "पण मी त्यासाठी नाही आले." तिने घडी उलगडली. "यात खूप आहे. भांडणाचं आहे. तुझं बरोबर होतं पोरी, मीच हट्टी, असं लिहिलंय. मला जे हवं होतं ते सगळं आहे. मेल जात नाही म्हणून तीच परत उघडून लिहीत राहिलेत, मधेमधे दुखतंय म्हणून थांबलेत. मला फक्त शेवटचं कळत नाहीये."

"काय?"

"त्या दिवशी तुम्ही खाली गेलाच नव्हता ना?"

"नाही. शपथ घेऊन सांगतो. मी दिवसभर इथेच होतो."

तिने दुसरा कागद वर घेतला आणि सावकाश वाचला, शब्दांवर जोर न देता, शाळेत धडा वाचावा तसा.

"'वरचे मेलवाले आलेत. बरं झालं, आता काळजी नाही. माझ्या शेजारी स्टुलावर बसलेत, मांडीवर ते मशीन घेऊन. केव्हाचे बसलेत. मी म्हटलं, जरा कोणाला तरी बोलवा हो, छातीत कळ येतेय. ते नुसती मान हलवतात, नाही म्हणून. दोनदा म्हटलं, दोनदा हलवली. खाकरून बघितलं, तरी वर बघत नाहीत. कामात असतील.'"